नजर कोणाचे ऐकते?

उन्हाळ्याच्या सुटीतील दुपार. घरातील सात-आठ मुले गोलाकार बसली आहेत. प्रत्येकाने आपले एक बोट जमिनीला टेकवले आहे आणि आजी खेळ घेते आहे. "चिमणी भुर्र!" सगळी बोटे वर. "कावळा भुर्र!" पुन्हा सगळी बोटे वर. "पोपट भुर्र!" बोटे वर. आजी हळूहळू वेग वाढवते आणि मध्येच, सूर मुळीच न बदलता म्हणते, "म्हैस भुर्र!" झाले! तीन-चार बोटे वर गेलेली असतात, आणि त्यांत सर्वांत धाकट्याचे बोट सर्वांत उंच असते.

आता त्या धाकट्याला विचारा, "काय रे, म्हैस उडते का?" तो खो खो हसेल आणि म्हणेल, "छे!" म्हणजे म्हैस उडत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. खेळाचा नियमही ठाऊक आहे. मग बोट वर का गेले? आणि त्याच्या शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या ताईचे बोट जागच्या जागी कसे राहिले? तिला म्हशीविषयी काही अधिक माहिती आहे असे तर नाही!

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. एखादी गोष्ट माहीत असणे आणि ऐन क्षणी त्याप्रमाणे वागता येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मेंदू लवकर शिकतो. दुसरी यायला त्याला कितीतरी वर्षे लागतात. या वर्षांत मेंदूत नेमके काय बदलते? शास्त्रज्ञांनी याचा शोध घेण्यासाठी बोटाऐवजी डोळ्यांची निवड केली. का, ते आता पाहू.

डोळ्यांच्या झेपा

एक साधा प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा. आरशात प्रथम स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या डोळ्याकडे, पुन्हा डाव्या. डोळे हलताना दिसले का? कितीही प्रयत्न केला तरी तुम्हांला ते हलताना दिसणार नाहीत. आता मित्राला शेजारी उभे करून हेच करा. त्याला तुमचे डोळे टुणकन उडी मारताना स्पष्ट दिसतील. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी जात असताना मधल्या अत्यल्प काळात मेंदू दृष्टीचा पडदा जणू खाली ओढून घेतो, म्हणून आपल्याला आपली ही हालचाल जाणवत नाही.

नजरेच्या अशा उडीला शास्त्रज्ञ 'सॅकेड' म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द; त्याचा अर्थ झटका किंवा हिसका. आपण तिला 'झेप' म्हणू. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात आणि ते डोळ्याला इतक्या वेगाने फिरवतात, की मोठ्या झेपेत हा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो. आपल्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. जागेपणी आपण सेकंदाला सुमारे तीन झेपा घेतो. दिवसभरातल्या झेपांचा हिशेब तुम्हीच करा. आकडा एक लाखाच्या बराच वर जाईल!

इतकी धावपळ कशासाठी? डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. या सबंध पटलाला सारखे स्पष्ट दिसत नाही. अगदी बारीक तपशील दिसतो तो पटलाच्या मधोमध असलेल्या पीतबिंदूच्या लहानशा खळग्यात. हात समोर लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढाच भाग एका वेळी खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसतो. म्हणून पुस्तकाची ओळ वाचताना, रस्ता ओलांडताना, चेहरा ओळखताना नजरेला सतत झेपा घेत राहावे लागते.

यांतील काही झेपा आपण ठरवून घेतो, तर काही आपोआप होतात. कोपऱ्यात काही चमकले, कडेने काही सरकले, की नजर तिकडे गेलीच! यात डोळ्यांचा दोष नाही. गवतात सळसळ होताच तिकडे पाहणारा प्राणी जगला, न पाहणारा सापाच्या तावडीत सापडला. मध्यमेंदूच्या पाठीमागच्या अंगाला दोन छोटे उंचवटे असतात. अशा झेपा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. बेडकाच्या मेंदूतही याच जातीचा भाग असतो आणि समोरून जाणाऱ्या माशीवर झडप घालण्यासाठी बेडूक तो वापरतो. म्हणजे ही व्यवस्था फार प्राचीन आहे आणि चोख काम करते.

प्रकाशाकडे पाहू नका!

१९७८ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठातील पीटर हॅलेट यांनी एक साधा पण मोठा खुबीदार प्रयोग प्रसिद्ध केला. समोरच्या पडद्यावर मध्यभागी एक ठिपका असतो. त्याकडे पाहत राहायचे. मग अचानक डाव्या किंवा उजव्या बाजूला दुसरा ठिपका चमकतो. सूचना अशी, की चमकलेल्या ठिपक्याकडे पाहायचे नाही. तो मध्यापासून जेवढ्या अंतरावर असेल तेवढ्याच अंतरावर, पण बरोबर विरुद्ध बाजूला पाहायचे. तिथे तर काहीच नसते! नुसता रिकामा पडदा. या हालचालीला आपण 'उलटी झेप' म्हणू.

उलट्या झेपेत मेंदूला दोन कामे करावी लागतात. पहिले, ठिपक्याकडे धावणारी नजर धरून ठेवणे. दुसरे, जिथे दाखवण्यासारखे काही नाही अशी एक जागा मनानेच नक्की करून नजर तिकडे नेणे. ही दोन कामे लक्षात ठेवा. पुढे सगळा वाद त्यांच्यावरूनच होणार आहे.

साध्या झेपेला माणूस सुमारे सेकंदाचा पाचवा भाग एवढा वेळ घेतो. उलट्या झेपेला त्याहून जास्त वेळ लागतो आणि चांगल्या जाणत्या माणसांकडूनही अधूनमधून चूक होते. नजर आधी ठिपक्याकडे जाते आणि मग ओशाळल्यासारखी उलट्या बाजूला वळते.

लहान मुलांचे काय? १९९८ साली कॅनडातीलच डग्लस म्युनोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते ७९ वर्षे वयाच्या १६८ व्यक्तींची अशी परीक्षा घेतली. सर्वांत जास्त चुका ५ ते ८ वर्षांच्या मुलांच्या झाल्या. जसजसे वय वाढत गेले तसतशा चुका कमी झाल्या. विशीतल्या तरुणांचा वेग सर्वांत चांगला होता. वृद्धांचा वेग पुन्हा मंदावला होता. २००४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बिआट्रिस लुना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते ३० वर्षांच्या २४५ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उलट्या झेपेतील कौशल्य सुमारे १४ व्या वर्षी प्रौढांच्या पातळीला पोचू लागते असे आढळले. एखादी जागा काही क्षण नुसती लक्षात ठेवून तिकडे अचूक पाहणे हे कौशल्य मात्र सुमारे १९ व्या वर्षापर्यंत सुधारत राहिले.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. चुकलेली मुले बहुधा आपली चूक लगेच स्वतःच दुरुस्त करतात. नजर ठिपक्याकडे जाते, आणि कोणी काही सांगण्याआधीच विरुद्ध बाजूला वळते. म्हणजे नियम त्यांना कळलेला असतो. हा आपला 'म्हैस भुर्र'वाला धाकटाच झाला!

करून पाहा

या प्रयोगाला यंत्र लागत नाही. दोघांनी समोरासमोर, हातभर अंतरावर बसावे. परीक्षकाने दोन्ही मुठी आपल्या खांद्यांच्या बाहेर दोन बाजूंना धराव्यात. दुसऱ्याने परीक्षकाच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहावे. आता परीक्षकाने मनात येईल त्या मुठीचे एक बोट एकदम वर करावे. पहिल्या फेरीत २० वेळा वर आलेल्या बोटाकडे पाहायचे. दुसऱ्या फेरीत २० वेळा दुसऱ्या, म्हणजे बोट न उचललेल्या, मुठीकडे पाहायचे. प्रत्येक वेळी नजर प्रथम कोठे गेली हे परीक्षकाला सहज दिसते. चुका मोजा. घरातील सात वर्षांचा भाऊ, वर्गमित्र, आई-बाबा, आजोबा अशा निरनिराळ्या वयांच्या माणसांवर प्रयोग करून वहीत तक्ता तयार करा. एक पथ्य मात्र पाळा. चुकणाऱ्याला हसू नका. हा हुशारीचा मापदंड नाही.

कपाळामागचा कारभारी

नजरेला आवर घालणारा भाग मेंदूत कोठे असेल? डेव्हिड फेरियर या स्कॉटिश वैद्याने १८७० नंतरच्या दशकात माकडाच्या मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे ललाटखंडात, एका विशिष्ट जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला. तेव्हा माकडाचे डोळे विरुद्ध बाजूला वळले. नजरेचा आणि कपाळामागच्या मेंदूचा संबंध आहे, हे तेव्हापासून माहीत होते.

पुढे १९८५ साली कॅनडातील माँट्रिअल येथील संशोधकांनी काही रुग्णांची उलट्या झेपेची परीक्षा घेतली. या रुग्णांना अपस्माराचा असाध्य विकार होता आणि तो थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेने त्यांच्या मेंदूचा लहानसा भाग काढावा लागला होता. ज्यांच्या ललाटखंडातला भाग काढला होता, त्यांना ठिपक्याकडे धावणारी नजर आवरणे कठीण जात होते. ज्यांच्या कानाजवळच्या खंडातला भाग काढला होता, त्यांना मात्र ही अडचण नव्हती. याचा अर्थ, या कामात ललाटखंडाचा मोठा हात आहे.

ललाटखंडाचा अगदी पुढचा भाग, आपल्या कपाळाच्या बरोबर मागचा, त्याला पूर्वललाट भाग म्हणतात. बेत करणे, नियम ध्यानात ठेवणे, मोह आवरणे अशी कामे या भागाच्या आधारे चालतात. मेंदूच्या सर्वांत उशिरा परिपक्व होणाऱ्या भागांपैकी हा एक आहे. १९७९ साली पीटर हटनलॉकर यांनी मानवी मेंदूच्या पुढच्या भागातील चेतासंधी, म्हणजे एक चेतापेशी दुसरीला निरोप देते ती ठिकाणे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. एक ते दोन वर्षांच्या मुलात या चेतासंधींची दाटी प्रौढांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक होती! दोन ते सोळा वर्षांच्या काळात ती कमी होत गेली. माळी जसा झाडाच्या नको त्या फांद्या छाटतो, तसा वाढता मेंदू न लागणाऱ्या जोडण्या छाटतो.

याच काळात दुसरा एक बदल होत असतो. चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढते. विजेच्या तारेवर वेष्टन असते ना, तसेच काहीसे. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून निरोप सेकंदाला एखादा मीटर एवढ्या वेगाने सरकतो. जाड आवरण असलेल्या तंतूतून तो सेकंदाला १०० मीटरपर्यंतही धावतो.

पण थांबा. हे सगळे झाले मेंदूच्या बांधणीविषयी. घराच्या भिंती मोजल्या म्हणून घरात काय बोलणे चालते ते कळत नाही. उलट्या झेपेच्या त्या निमिषात पूर्वललाट भागातल्या चेतापेशी काय करतात, आणि लहान वयात काय वेगळे करतात, हे कळायचे तर त्या पेशींचे बोलणेच ऐकायला हवे.

चेतापेशींचे बोलणे

चेतापेशी विजेच्या ठोक्यांतून बोलतात. एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा टिकतो. केसाहून बारीक धातूची तार, म्हणजेच इलेक्ट्रोड, पेशीजवळ नेली आणि तिच्यातला संकेत ध्वनिवर्धकाला जोडला, तर लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज ऐकू येतो. पेशी 'उत्तेजित' होते तेव्हा ही तडतड वाढते.

निरोगी मुलांच्या मेंदूत अशी तार घालणे अर्थातच अशक्य. म्हणून शास्त्रज्ञ ऱ्हीसस माकडांकडे वळले. उत्तर भारतात मंदिरांभोवती आणि स्थानकांवर सर्रास दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड ते हेच. त्याचा पूर्वललाट भाग आपल्या मेंदूशी बराच मिळताजुळता आहे आणि रसाच्या थेंबांचे बक्षीस मिळत असेल तर ते उलटी झेपही शिकते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. खुद्द मेंदूच्या ऊतींना वेदना जाणवत नाही आणि आधीची शस्त्रक्रिया भूल देऊन केली जाते. असे प्रयोग समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत. तरीसुद्धा प्राण्यांवर प्रयोग कितपत करावेत, याविषयी जगभर गंभीर मतभेद आहेत. जे ज्ञान आपण पुढे वाचणार आहोत, त्यात या मुक्या जिवांचा वाटा आहे, याचा विसर पडू नये.

१९८९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातील पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. पूर्वललाट भागातील अनेक पेशींची आपापली 'लाडकी' जागा असते. समजा, एका पेशीची लाडकी जागा उजवीकडे आहे. उजवीकडे ठिपका चमकून गेला आणि माकडाला ती जागा काही सेकंद लक्षात ठेवायची असली, तर ठिपका विझल्यावरही ती पेशी तडतडत राहते. जणू ती जागेची आठवण जपून ठेवते. समोर काही नसतानाही 'तिथे' असे म्हणू शकणाऱ्या या पेशी आहेत.

तीन तर्क

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वेक फॉरेस्ट वैद्यकीय विद्यालयात ख्रिस्तोस कॉन्स्टँटिनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार माकडे निवडली. ती नुकतीच वयात येत होती. माणसाच्या हिशेबाने आठवी-नववीतली मुले म्हणा. उलट्या झेपा घेताना त्यांच्या पूर्वललाट भागातील पेशींची नोंद केली. पुढे सुमारे दोन वर्षांनी, तीच माकडे प्रौढ झाल्यावर, पुन्हा तशीच नोंद केली. अपेक्षेप्रमाणे प्रौढपणी त्यांच्या चुका बऱ्याच कमी झाल्या होत्या. मग पेशींच्या बोलण्यात काय बदलले होते?

तीन तर्क संभवत होते. पुढे वाचण्यापूर्वी तुम्ही कोणत्या तर्काच्या बाजूचे आहात ते ठरवा.

पहिला तर्क: प्रौढ मेंदूत ठिपक्याचा परिणामच कमी होत असेल. मोह आतल्या आत दाबला जात असेल, म्हणजे चमकणाऱ्या ठिपक्याला पेशी पूर्वीइतक्या जोराने प्रतिसाद देत नसतील.

दुसरा तर्क: झेप घडवून आणणारी पेशींची हालचाल अधिक जोरकस होत असेल.

तिसरा तर्क: जिथे पाहायचे आहे त्या रिकाम्या जागेचे चित्र, म्हणजे लक्ष्य, पेशी अधिक ठळकपणे उभे करीत असतील.

आपल्यापैकी बहुतेकजण पहिल्या तर्काला मत देतील. 'मन मारणे', 'मोह आवरणे', 'इंद्रियांना लगाम घालणे' असे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. संयम म्हणजे दाबणे, अशी आपली समजूतच झालेली असते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेला निकाल मात्र वेगळा होता. ठिपक्याला मिळणारा पेशींचा प्रतिसाद प्रौढपणी कमी झालेला नव्हता. प्रौढ माकडाच्या पूर्वललाट भागाला ठिपका पूर्वीइतकाच लखलखीत 'दिसत' होता. दुसऱ्या तर्कालाही पुष्टी मिळाली नाही. बदल दिसला तो तिसऱ्या गोष्टीत. लाडकी जागा उजवीकडे असलेली पेशी घ्या. ठिपका डावीकडे चमकला. उजवीकडे काही नाही, पण पाहायचे उजवीकडे आहे. अशा वेळी वयात येणाऱ्या माकडात या पेशींची तडतड बेताची होती. प्रौढ माकडात ती खूपच जोरदार झाली होती. डावीकडच्या ठिपक्यावरून उजवीकडचे लक्ष्य काढण्याचे काम मेंदू आता अधिक ठामपणे करू लागला होता.

म्हणजे या जागी तरी, मोठे होणे याचा अर्थ मोहाचा आवाज बंद करणे असा नव्हता. दुसरा, आपण निवडलेला आवाज मोठा करणे असा होता!

बांध आणि पाट

शेताला पाणी देताना तुम्ही पाहिले असेल. पाटाचे पाणी एका वाफ्यात चालले आहे आणि ते दुसऱ्या वाफ्यात न्यायचे आहे. एखादा नवखा मुलगा पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी नुसता मातीचा बांध घालतो. पाणी तुंबते, चढते आणि बांध फोडून पुन्हा त्याच वाफ्यात शिरते. जाणता शेतकरी दुसऱ्या वाफ्याचे तोंड आधी मोकळे करतो. पाण्याला वाट मिळाली, की मग थोड्या मातीनेही पहिले तोंड बंद राहते. नुसता बांध पुरत नाही. पाण्याला दुसरा पाट लागतो.

उपमा समजण्यासाठी असते, सिद्धतेसाठी नव्हे. तेव्हा तिला फार ताणू नये. एक तर हा अभ्यास चार माकडांवरचा आहे. दुसरे, पूर्वललाट भाग म्हणजे सारा मेंदू नव्हे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की माकड उलट्या झेपेच्या तयारीत असताना मध्यमेंदूतील त्या उंचवट्यांमधल्या काही पेशींची आगाऊ हालचाल साध्या झेपेच्या तयारीपेक्षा कमी असते. म्हणजे बांधही घातला जातोच, पण तो दुसऱ्या ठिकाणी. शिवाय कॉन्स्टँटिनिडिस यांच्याच गटाने २०१६ मध्ये जागा लक्षात ठेवण्याच्या खेळाचाही अभ्यास केला. त्यात आठवण जपणाऱ्या पेशींची हालचाल प्रौढपणी वाढलेली दिसली, आणि त्याबरोबरच मध्येच दाखवलेल्या, लक्ष उडवणाऱ्या खुणेला मिळणारा प्रतिसाद कमी झालेलाही दिसला. काम बदलले की मेंदूची युक्तीही थोडी बदलते. विज्ञानात एका प्रयोगाने गोष्ट संपत नाही, ती अशी पुढे चालू राहते.

वर्गातील खिडकी

आता थोडे वर्गाविषयी. शाळेच्या खिडकीबाहेरून वाजंत्री जाते. सगळ्या माना तिकडे वळतात. "बाहेर बघू नका!" असे सर ओरडतात. काही माना परत येतात आणि पुन्हा वळतात. सरांना वाटते, मुले मुद्दाम करतात. मुलांना वाटते, आपण मुळातच चंचल आहोत. या दोन्ही समजुती तपासून पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट, आवाजाकडे किंवा हालचालीकडे वळणारी नजर हा अपराध नाही. ती मेंदूची जुनी, उपयोगी सवय आहे. पहिल्या वळणाला शिक्षा करून ती सवय जाणार नाही, आणि जाऊही नये. रस्त्यावर तीच आपला जीव वाचवते. खरा प्रश्न पहिल्या वळणाचा नसून नजर परत कोठे येते याचा आहे.

दुसरी गोष्ट, सेकंदाच्या भागांत होणारी नजरेची झेप आणि तासभर टिकवायचे लक्ष यांत मोठे अंतर आहे. एकावरून दुसऱ्याविषयी थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही एक कल्पना आजमावून पाहण्यासारखी आहे. "बाहेर बघू नका" हा नुसता बांध झाला. "फळ्यावरच्या आकृतीत कोन 'क' कोठे आहे ते शोधा" हा पाट झाला. नजरेला जाण्यासाठी दुसरी जागा दिली, तर ती परत येणे सोपे होईल का? शिक्षकांनी दोन्ही करून पाहावे.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी. हल्ली 'किशोरवयात मेंदू अपुरा असतो' असे वाक्य पुष्कळदा कानावर येते. ते ऐकून कोणी खचून जाऊ नये आणि कोणी त्याची सबबही करू नये. १४-१५ वर्षांची मुले उलटी झेप घेऊ शकतात. अनेकदा मोठ्यांसारखीच घेतात. पेशी त्याच असतात, नियम तोच कळलेला असतो. वाढत्या वयात बदलतो तो भरवसा. आज दहातून काही वेळा जमणारी गोष्ट उद्या जवळजवळ दर वेळी जमू लागते. ही वाढ कॅलेंडर पाहून एका वाढदिवशी होत नाही, आणि ती सर्वांची एकाच गतीने होत नाही. वर्गात दोघांचे वय सारखे असले तरी एकाची नजर लवकर परत येते, दुसऱ्याची उशिरा. या फरकावरून कोणाला 'वाया गेलेला' ठरवणे म्हणजे जुलैमध्ये रोपे पाहून दिवाळीच्या पिकाचा निकाल देण्यासारखे आहे.

पुन्हा आजीचा खेळ

शेवटी आपण जेथून निघालो तेथे परत येऊ. 'चिमणी भुर्र' खेळताना पुढच्या वेळी एक प्रयोग करा. सारख्या वयाच्या मुलांचे दोन गट पाडा. पहिल्या गटाला सांगा, "न उडणाऱ्या प्राण्याचे नाव आले तर बोट उचलू नका." दुसऱ्या गटाला सांगा, "न उडणाऱ्या प्राण्याचे नाव आले तर बोट जमिनीवर घट्ट दाबा." पहिल्या गटाला नुसता बांध दिला आहे, दुसऱ्याला पाट. दोन्ही गटांना तीच नावे, त्याच क्रमाने, त्याच वेगाने सांगा. प्रत्येक गटाच्या चुका मोजा. मग गटांची अदलाबदल करून खेळ पुन्हा घ्या. एवढी काळजी का घ्यायची, हे तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, किंवा स्वतःच विचार करून सांगा.

आणि निकाल काहीही येवो, तो जसा आला तसाच वहीत लिहा. आपल्याला हवे तेच पाहण्याची ओढ आवरून, जे आहे ते पाहणे, हीसुद्धा एक उलटी झेपच आहे. विज्ञान शिकणाऱ्याला ती रोज घ्यावी लागते.